किमान तापमान

रोज सकाळी साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यान माझ्या फोनवर दोन आकडे येतात. आदल्या दिवशीचं कमाल, रात्रीचं किमान. बाकी मजकूर नसतो. कधीमधी एखादा शब्द असतो: 'मळभ'. किंवा 'दव भरपूर'. डिसेंबर असला की मी आधी दुसरा आकडा बघते. आमच्या घराचं वर्ष त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

आकडे पाठवतात ते अण्णा, माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षं झाली. रत्नागिरी तालुक्यात कातळावर आमची हापूसची दीडशेएक कलमं आहेत आणि खाली मळ्यात थोडं भात. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे ज्या हवामान बदलावर आम्ही पंधरा वर्षं वाद घातला, तो माझ्यासाठी फळ्यावरचा होता आणि त्यांच्यासाठी फांदीवरचा.

हापूसला मोहोर यायला थंडी लागते. एक-दोन दिवस गार वारं सुटून भागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात काही आठवडे रात्रीचा पारा सोळा-सतराच्या आसपास उतरून राहावा लागतो. तसा राहिला की फांदीच्या टोकाचा डोळा मोहोराच्या वाटेला लागतो. पारा वरच अडकला, हवेत दमटपणा राहिला, तर त्याच डोळ्यातून तांबूस, लुसलुशीत पालवी फुटते. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कलम फार देखणं दिसतं. बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. ती पालवी जून व्हायला दोन-तीन महिने जाणार, मग उशिराचा मोहोर, मग मेअखेरचा आंबा, आणि तो पेटीत भरायच्या आत पाऊस दारात. मोहोर वेळेवर आला तरी वर मळभ धरलं की तुडतुडे वाढतात, भुरी येते, फवारण्या वाढतात. एकेका फवारणीचा खर्च अण्णा अजूनही शाळेच्या हजेरीपत्रकासारख्या लांबट वहीत लिहितात.

आमचा वाद सुरू झाला २०१० च्या जानेवारीत. त्या महिन्यात हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली होती. तिच्या २००७ च्या अहवालात म्हटलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. त्याला भक्कम शास्त्रीय आधार नव्हता. आपल्याकडचे ज्येष्ठ भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी दोनच महिन्यांपूर्वी हिमालयातल्या हिमनद्यांवर आपला वेगळा आढावा मांडला होता. अण्णांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून ठेवली आणि मी सुट्टीला गेले तेव्हा ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, "वाच. तुमचे शास्त्रज्ञ."

मी वाचली. चूक ती चूकच होती. हजार पानांतली एक ओळ चुकली म्हणून बाकीचं खोटं होत नाही, असं मी बोलून गेले. अण्णांनी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या. ते म्हणाले, "एक ओळ उत्तरात बघून लिहिलेली सापडली, की मी सगळी वही पुन्हा तपासायचो."

त्यांचं म्हणणं पहिल्यापासून ठरलेलं होतं. "हवामान बदललंय हे मला सांगायला पुण्याहून कोणी यायला नको. मी बागेत उभा असतो. पण ते माणसानं बदललं हे कशावरून? सूर्य काय माणसाच्या हातात आहे?" आणि मग थोडं थांबून, बहुतेक वेळा उठता उठता, एक तिसरं वाक्य यायचं. "आणि माणसानं म्हणजे कुठल्या माणसानं?"

मी वर्षानुवर्षं पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं देत राहिले. तिसऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

मे महिन्यात पडवीत बसून आढीतले आंबे चाळताना आमची बोलणी व्हायची. पेंढ्यात हात घालून एकेक फळ उचलायचं, देठाशी वास घ्यायचा, तयार असेल ते बाजूला, डाग धरलेलं वेगळं. हात चालू असले की माणूस ऐकून घेतो. तिथेच मी त्यांना युनिस फूट या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. १८५६ साली त्यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि सावलीत आणल्यावर निवायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्यांनी लिहून ठेवलं, की हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी जास्त उष्ण असती.

अण्णांचा हात थांबला. "छप्पन्न? म्हणजे सत्तावनच्या बंडाच्या आधी?"

हो. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा. पुढे १८५९ मध्ये आयर्लंडच्या जॉन टिंडलनी मोजूनच दाखवलं, की जमिनीतून परत निघणारी उष्णता कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ अडवून धरतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ तिला हातही लावत नाहीत. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनियसनी कागद-पेन्सिलीनं गणित केलं, की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल. त्यांचं उत्तर पाच-सहा अंश आलं. आजच्या अंदाजापेक्षा ते जास्त आहे, पण दिशा तीच. आणि या गृहस्थांना त्यात संकट दिसलं नव्हतं. थंड प्रदेशात हवा उबदार होईल, पिकं चांगली येतील, असंच त्यांना वाटत होतं.

"स्वीडनमध्ये बसून तसंच वाटणार," अण्णा म्हणाले. परिणामांवरचा सगळा वाद त्या एका वाक्यात आला, हे मला नंतर पुण्याच्या गाडीत बसल्यावर जाणवलं. कोण कुठे बसून गणित करतो, त्यावर उत्तराची चव ठरते.

पण सूर्याचा मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. सोडायला नकोच होता. तो प्रश्न रास्त आहे. पृथ्वीला सगळी ऊब सूर्याकडून मिळते, मग ती वाढली तर आधी सूर्याकडेच बघायला हवं. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. १९७८ पासून उपग्रहांवरून सूर्याकडून येणारी ऊर्जा सतत मोजली जाते. अकरा वर्षांच्या चक्रात ती किंचित कमी-जास्त होते, पण इतक्या वर्षांत तिच्यात वाढ नाही. तापमान मात्र याच काळात सगळ्यांत वेगानं चढलं.

अण्णा म्हणाले, उपग्रहाचं मला काय कळणार. तेव्हा मी त्यांना गोधडीचं उदाहरण दिलं. थंडीत तुम्ही गोधडी पांघरून झोपलात आणि रात्री जास्त उकडायला लागलं. दोन कारणं असू शकतात. एकतर खोलीत कुणीतरी शेगडी पेटवली. नाहीतर तुमच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकली. शेगडी पेटवली असेल तर गोधडीच्या आतही गरम लागेल आणि बाहेरून हात लावला तरी गरम लागेल. दुसरी गोधडी टाकली असेल तर आत गरम, पण बाहेरचा पदर आधीपेक्षा गार. कारण आतली ऊब बाहेर पोचतच नाही. हवेचंही असंच होतं. सूर्य तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा, पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडचा थर गार होतो आहे. त्या गार होण्यात विरळ झालेल्या ओझोनचाही वाटा आहे, पण जितकं उंच जावं तितका कार्बन डायऑक्साइडचा हात स्पष्ट दिसतो. स्युकुरो मनाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९६७ मध्येच गणितानं हे सांगून ठेवलं होतं. तेव्हा ते मोजणारे उपग्रह आकाशात नव्हते. मनाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अण्णा गोधडीवर बराच वेळ विचार करत होते. आईनं आतून विचारलं, "कोण आजारी आहे? गोधडी कशाला हवी?"

त्याच भरात मी आणखी एक मुद्दा मांडला आणि तिथे मला मागे यावं लागलं. मी म्हटलं, सूर्य रात्री नसतो. सूर्यामुळे तापमान वाढत असतं तर दिवस जास्त तापले असते. जगभरच्या नोंदी बघा, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दिवसांपेक्षा रात्री जास्त तापल्या. गोधडी रात्रीच जाणवते. आणि तुमच्या मोहोराचं नुकसान करते ती रात्रच.

किती छान जुळत होतं! पुण्याला परतल्यावर वर्गात सांगण्यासाठी म्हणून मी भारताचे आकडे काढले आणि गप्प झाले. भारतीय हवामान विभागाच्या २०२० सालच्या वार्षिक आढाव्यात सरळ लिहिलं आहे: १९०१ ते २०२० या काळात देशाचं कमाल तापमान शंभर वर्षांना ०.९९ अंश या गतीनं वाढलं आणि किमान तापमान ०.२४ अंश या गतीनं. म्हणजे आपल्याकडे उलट. दिवस जास्त तापले, रात्री कमी. त्यामागे पाऊसमान, सिंचन, हवेतली धूळ-धूर अशी स्थानिक कारणं गुंतलेली आहेत आणि त्यांचा गुंता अजून सोडवला जातो आहे. पण मी अण्णांना दिलेला तो सोपा मुद्दा आपल्या देशाच्या सरासरीला लागू पडत नव्हता.

मी फोन केला आणि ती ओळ त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "बाय, तू हे मला सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

"मग आता तुझं ते गोधडीचं पुन्हा सांग."

त्या दिवसानंतर आमचं बोलणं बदललं. त्यांची शंका तशीच राहिली, पण ती माझ्या बाजूला येऊन बसली. ते माझ्याबरोबर शंका घ्यायला लागले.

एकदा त्यांनीच विचारलं, की हवेतला वाढलेला वायू कोळसा-पेट्रोलचाच कशावरून, ज्वालामुखीचा किंवा समुद्राचा कशावरून नाही. कार्बनवरून जुन्या अवशेषांचं वय काढतात हे त्यांनी स्वतः सातवीच्या मुलांना शिकवलेलं. तेच सूत्र इथे लागतं. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बन-१४ थोडासा असतोच. झाड मेलं की तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यात तो उरलेलाच नाही. मग हवेतला कार्बन कोळशातून येत असेल तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. १९५५ मध्ये हान्स झ्यूस यांनी झाडांच्या वर्तुळांत नेमकं हेच पाहिलं. ज्वालामुखीतूनही असा जुना कार्बन येतो, पण माणूस वर्षाला जितका हवेत सोडतो त्याच्या तो शंभरावा भागही नाही. आणि तीन वर्षांनी, १९५८ च्या मार्चमध्ये, चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर यंत्र लावून मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. कारखाने येण्याआधी २८० होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे काढून पाहिलं तर मागच्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा वर गेलेला नाही.

"आठ लाख," अण्णा म्हणाले. नंतर काहीच बोलले नाहीत.

आता त्या तिसऱ्या वाक्याकडे येते. कुठल्या माणसानं?

हा प्रश्न अण्णांच्या आधी दोन माणसांनी जगाला विचारला होता. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं जगातल्या मोठ्या प्रदूषक देशांची यादी काढली आणि तीत भारताला पहिल्या पाचांत बसवलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला पुस्तिका लिहून उत्तर दिलं. त्यांचा सवाल साधा होता. पृथ्वीचे समुद्र आणि जंगलं जो वायू शोषून घेतात, त्यावर हक्क कुणाचा? माणशी वाटणी करा, मग दिसेल की भारत आपल्या वाट्याच्या आत आहे. आणि गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातला मिथेन नि श्रीमंतांच्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसे घालता? एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी.

भातखाचराचा हा विषय निघाला तेव्हा अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले. चिखलणी करून पाणी तुंबवलेल्या खाचरात तळाशी हवा पोचत नाही, तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पाल्यापासून मिथेन करतात, हे खरं आहे. पायाखाली चिखलातून बुडबुडे येतात ते लावणी करणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेत. प्रश्न होता किती. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज होता की भारताची भातशेती वर्षाला जवळपास ३८० लाख टन मिथेन सोडते. हा आकडा परदेशातल्या खाचरांतल्या मोजणीवरून ताणून काढलेला. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकारानं १९९१ च्या खरिपात देशभरातल्या भातशेतांवर मोजणीची मोहीम निघाली. रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक वेळानं पिचकारीनं आतली हवा काढून घ्यायची, प्रयोगशाळेत तपासायची. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी, बरीच खाचरं मधूनमधून सुकतात, कितीतरी भात तर पावसाच्या पाण्यावरचं.

"म्हणजे जवळजवळ दहापट आमच्या नावावर मांडलं होतं!" अण्णांचा आवाज चढला. शाळेत कुणा गरीब पोरावर चोरीचा आळ आला की चढायचा तसाच.

त्या क्षणी मला त्यांचा सगळा वाद एकदम समजला. माणसामुळे तापमान वाढतं हे त्यांना पटत नव्हतं असं नव्हतं. ते मान्य केलं की लगेच त्यामागून जे बिल येतं, ते त्यांना नको होतं. टीव्हीवर कुणी म्हणतं 'आपण सगळ्यांनीच हे केलंय'. त्या 'आपण सगळ्यां'मध्ये आयुष्यभर सायकलवरून शाळेत गेलेला, घरात एक पंखा असलेला माणूस धरलेला असतो. भारतातला माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकेतला चौदा. आजवर साचलेल्या वायूचा हिशेब केला तर कोळसा-तेलातून आलेल्या भागातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. कारण काय आणि दोषी कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण ते एकाच श्वासात विचारले जातात, आणि मग दुसऱ्याचा राग पहिल्यावर निघतो. कितीतरी घरांत हेच होत असणार.

मला राग येतो तो वेगळ्या शंकेचा. एक्सॉन या तेल कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्येच वरिष्ठांसमोर उभं राहून सांगितलं होतं, की खनिज इंधनं जाळल्यानं हवामान बदलणार. त्यांच्याच लोकांनी पुढे केलेली भाकितं आज तपासली तर चांगली बरोबर ठरली आहेत. आणि तीच कंपनी नंतर वर्षानुवर्षं जगाला सांगत राहिली, की अजून काही नक्की नाही. अण्णांना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं. यांना माहीत होतं आणि त्यांनी शंका पेरली. ही दोन माणसं एकाच नावानं ओळखली जावीत हे मला सहन होत नाही. 'संशयवादी' हा शब्द मी अण्णांसाठी वापरू देईन, त्या कंपनीसाठी नाही.

आणि परिणाम? ते कातळावर चालत आले.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. आम्ही लहान असताना वादळ म्हटलं की ते बंगालच्या उपसागरातलं, आंध्र-ओरिसातलं. अरबी समुद्रात चक्रीवादळं होत, पण कमी, आणि आमच्या अंगावर क्वचितच येत. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तौक्ते. पुण्याच्या पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन २०२० मध्ये भारतातल्या हवामान बदलाचा सरकारी अहवाल तयार केला. हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यात पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी एक अंशानं वाढलं, असं त्यात आहे. वादळाचं इंधन म्हणजे समुद्राची ऊब. अमुक एक वादळ तापमानवाढीनंच आणलं असं कुणी प्रामाणिक माणूस सांगणार नाही. इंधन वाढलंय एवढं नक्की सांगेल.

रात्रभर वारं चाललं होतं. सकाळी अण्णा बागेत गेले आणि त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला. त्यांना तो नीट लावता येत नाही, त्यामुळे मला बराच वेळ फक्त जमीनच दिसत होती. पण जमीनच बघायची होती. कातळावर आंब्यांचा सडा. हिरवे, फुटलेले, चिकानं काळे पडलेले. त्यांच्यामधून अण्णांच्या चपला जपून पाय टाकत चाललेल्या. पुढे एक आडवं खोड आलं, मुळांना लाल माती धरून तशीच वर आलेली. आजोबांनी लावलेलं कलम होतं ते. अशी अकरा उन्मळली. अण्णा प्रत्येकापाशी थांबून नुसता आकडा म्हणत होते. सात. आठ. नऊ.

दोनच महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेचा डोंगर खाली आला. महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. त्या गावच्या माणसांनी ते लिहावं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ऊन पेटलं. १९०१ पासूनच्या नोंदींत मार्चचं सरासरी कमाल तापमान देशात एवढं कधीच नव्हतं. वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली कणी झाडाखाली गळून पडली. कैऱ्यांवर एका बाजूला उन्हाचे चट्टे. अण्णांनी फळपीक विमा काढलेला होता. हा विमा हवामानावर चालतो. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरावीक तापमानाच्या वर सलग काही दिवस पारा गेला, तरच भरपाई. आमच्या मंडळाचं केंद्र खाली खाडीच्या बाजूला, वाऱ्यावर. आमची कलमं वर कातळावर, जिथे दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. केंद्राचा पारा त्या मर्यादेच्या जरा खाली राहिला. दावा बसला नाही. अण्णा दोनदा जाऊन आले, अर्ज दिला, गळलेली कणी पिशवीत भरून नेली. टेबलापलीकडच्या मुलानं नम्रपणे सांगितलं, "सर, आम्ही कणी बघत नाही, आकडा बघतो."

ज्या माणसानं बारा वर्षं मला 'तुमचे आकडे' म्हणून ऐकवलं होतं, तो त्या दिवशी रत्नागिरीतून कमाल-किमान तापमापक घेऊन घरी आला.

इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली काचेची नळी, दोन्ही बाजूंना खुणा, पाऱ्यावर तरंगणारे दोन बारीक लोखंडी काटे. पारा काट्याला ढकलत नेतो आणि मागे सरला तरी काटा तिथेच राहतो. सकाळी वाचायचं, चुंबकानं काटे पुन्हा पाऱ्यावर आणायचे. तो कुठे लावायचा यावर आमचं आठवडाभर फोनवर चाललं. भिंतीवर नको, भिंत ऊन धरते. थेट उन्हात नको. जमिनीपासून चार-सव्वाचार फूट. शेवटी अण्णांनी जुन्या जाळीच्या कपाटाची दारं काढून पेटी केली, पांढरा रंग दिला आणि ती कलमांच्या मधोमध खांबावर बसवली. वाचनाची वेळ साडेआठ, हवामान खात्याची असते तीच. आकडे कालनिर्णयच्या चौकोनात, तिथीच्या खाली, पेन्सिलीनं.

विम्याला या आकड्यांचा उपयोग नाही. खासगी तापमापक कुणी धरत नाही. ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हवामान म्हणण्यासाठी तीस वर्षांच्या नोंदी लागतात, हेही. सुरू केलं तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

उन्मळलेल्या अकरा कलमांचे खड्डे त्यांनी वर्षभर तसेच ठेवले. मग २०२२ च्या जूनमध्ये त्यांत रायवळ आंब्याच्या कोयी लावल्या. नर्सरीच्या पिशवीतलं तयार कलम आणून लावलं की सोटमूळ नीट खाली जात नाही, वाऱ्याला ते टिकत नाही. कोय जागेवरच रुजवली, रोप जोम धरू दिलं आणि मग त्यावर हापूसची काडी बांधली की मूळ कातळाच्या फटीत शिरतं. वेळ लागतो. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः काड्या बांधल्या. दोन जळल्या, त्या पुन्हा बांधल्या. आता ती पोरं माझ्या खांद्याला आली आहेत.

गेल्या डिसेंबरात मी चार दिवस गावी होते. सकाळी अण्णांबरोबर पेटीपाशी गेले. जाळीवर दवाचे थेंब. त्यांनी चष्मा वर केला, डोळा नळीच्या पातळीत आणला, कारण वरून बघितलं तर आकडा चुकतो. "एकवीस," म्हणाले. पुन्हा बघितलं. "एकवीसच." मागच्या मोठ्या कलमांवर तांबूस पालवी उन्हात चमकत होती.

परत येताना ते लहान कलमांपाशी थांबले. एकाची काठी वाकली होती, ती सरळ केली, काथ्या पुन्हा बांधला.

"ही धरायला लागतील तेव्हा रात्रीचं किती असेल गो?"

मी खरं ते सांगितलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगानं काहीही केलं तरी फार फरक दिसणार नाही, जे साचलंय त्याची ऊब येणारच. जगानं आता काय केलं ते दिसायला लागेल पंचवीस-तीस वर्षांनी. शतकाच्या अखेरीला तर फार मोठा फरक. पाषाणच्या त्या अहवालात दोन्ही टोकं दिली आहेत. बेसुमार जाळत राहिलो तर देशाचं सरासरी तापमान गेल्या शतकाच्या अखेरीपेक्षा चार अंशांहून जास्त वाढेल. आवरलं तर त्याहून पुष्कळ कमी.

अण्णा काथ्याची गाठ आवळत होते. उरलेलं टोक त्यांनी दातांनी तोडलं.

"कलम साठ-सत्तर वर्षं उभं असतं," ते म्हणाले, आणि आकडा लिहायला घरात गेले.